गहिनीबुवांची मॉरिस

"...पण मन शांत झालंय, हे माणसानं ओळखायचं कसं, महाराज?"

गहिनीबुवा भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली. आत दाणा नव्हता. ती फोल शेंग त्यांनी समोर बसलेल्या सर्जेरावाच्या तळहातावर ठेवली.

सर्जेरावानं ती उलटीपालटी करून पाहिली. कपाळाला लावली.

"यातून काय समजायचं, महाराज?"

"टाक ती. टोपली तुझ्याकडं आहे."

सर्जेरावानं शेंग टोपलीत टाकली आणि पुन्हा हात जोडून बसला.

सर्जेराव कुंभोजकर सकाळच्या एस.टी.नं कोल्हापूरहून आंबेरीच्या घाटमाथ्यावरच्या या मठात येऊन पोचला होता. जुन्या मोटारींचा कार्ब्युरेटर जुळवावा तर सर्जेरावानंच, असं बेळगाव-पुण्यापर्यंतचे शौकीन म्हणत. सर्जेराव स्वतःही म्हणे.

कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं लग्न लावणारं भांडं. हवा जास्त झाली की इंजिन खोकतं. पेट्रोल जास्त झालं की धूर ओकतं. नेमकं किती काय हवं, ते सर्जेराव नुसत्या कानानं सांगायचा. बॉनेटवर दोन बोटं टेकवायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "नट अर्धी कड वर." सहा कडांचा तो नट तेवढासा फिरवला की इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागायचं.

कानानंच नाव काढलं, आणि घातही कानानंच केला.

हळूहळू सर्जेरावाला घरातलंही सगळं ऐकू यायला लागलं. त्यानं दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. ते बायकोला आवडलं. मग खुर्च्यांच्या पायांना रबर बसवलं. तेही चाललं. मग मिक्सर उघडला, पंखा उघडला, कुकरची शिट्टी कानशीनं घासली. शेवटी एका दुपारी तो बायकोला म्हणाला, "रत्नमाला, तुझी डावी चप्पल उजवीपेक्षा किंचित उशिरा पडतेय. जरा लक्ष दे."

रत्नमालानं लक्ष दिलं. दोन्ही चपला काढल्या आणि एकाच वेळी आपटतील अशा बेतानं त्याच्या पुढ्यात फेकल्या.

"मी गेले की जुळेल तुमचं घर," ती म्हणाली, आणि दुसऱ्या चपला घालून गडहिंग्लजला माहेरी निघून गेली.

घर खरोखरच जुळलं. कुठं चूं नाही की चां नाही. आणि त्या दिवसापासून सर्जेरावाची झोप उडाली.

यातलं काहीच त्यानं गहिनीबुवांना सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसापुढं मोठाच प्रश्न ठेवावा, चपलांचा कशाला ठेवायचा, असा त्याचा विचार. म्हणून त्यानं थेट मनालाच हात घातला होता.

"महाराज, मला एखादा मंत्र द्या."

"देऊ की." बुवांनी धोतरावरची फोलपटं झटकली. "मोटारीतलं काही कळतं का तुला?"

सर्जेराव दुखावला. कोल्हापुरात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नसता.

"ते सगळं मागं टाकून आलोय, महाराज."

"बरं केलंस," म्हणत बुवा उठले आणि मठाच्या मागं गेले.

थोड्या वेळानं मागून एक आवाज आला. आधी घरघर. मग खोकला, ढास लागलेल्या म्हाताऱ्याचा. मग भडाम्. उंबरावरचे कावळे उडाले. काळा धूर मठाला वळसा घालून पुढच्या अंगणात आला आणि सर्जेरावाच्या शेजारी बसला.

सर्जेरावानं डोळे मिटले. तोंडानं "राम... राम..." म्हणू लागला. कान मात्र म्हणत होते, "पेट्रोल पाण्यासारखं वाहतंय... खाली फट आहे... चोरटी हवा शिरतेय..."

तिसऱ्या भडामला तो उठून पळत सुटला.

"बंद करा, महाराज! बंद करा! जीव जाईल तिचा!"

मठामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी, मोरपंखी रंगाची मॉरिस उभी होती. बेळगावचे एक डॉक्टर बुवांचे भक्त होते. जाताना मुलांना दवाखाना आणि बुवांना गाडी ठेवून गेले. तेव्हापासून बुवा ती स्वतः चालवत. ऐंशीच्या घरातला संन्यासी घाटातून मोटार चालवतो हे बघायलाच काही लोक दर्शनाला येत. काही लोक त्या गाडीतून उतरल्यावर देवाला मानायला लागले होते.

सर्जेरावानं बॉनेट उघडलं आणि कपाळावर हात मारला. कार्ब्युरेटर कललेला होता. त्याच्याखाली फट बुजवणाऱ्या गॅस्केटच्या जागी निळं रबर होतं.

"महाराज, ही चपलेची पट्टी इथं कुणी घातली?"

"एक भक्त होता. त्याची एक चप्पल इथंच राहिली होती."

सगळं मागं टाकून आलेल्या सर्जेरावाच्या पिशवीतून पान्यांची आणि स्क्रू-ड्रायव्हरची गुंडाळी निघाली. बुवांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"पूजेची आहेत का?"

 सर्जेराव कामाला लागला होता.

त्यानं कार्ब्युरेटर उतरवला. पेट्रोलमध्ये धुतला. जेट म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, तिच्यातली माती काढली. त्या नळीत बसणारी सुई उजेडात धरून डोळ्यासमोर फिरवली आणि पुन्हा बसवली. गॅस्केटचा कागद अंदाजानं कातरला, तो अगदी चपखल बसला. मग दोन्ही नट थोडा हा, थोडा तो असे आवळत गेला. एकच बाजू आधी आवळली की भांडं तिरकं बसतं.

मग इंजिन तापवलं. बॉनेटच्या कडेवर दोन बोटं टेकवली. डोळे मिटले.

जेटखालचा नट एक कड वर... अर्धी कड खाली... पुन्हा पाव कड वर.

दर्शनाला आलेल्या एका माणसानं मठाच्या देवळातली घंटा वाजवली.

"वाजवू नका!" सर्जेराव ओरडला. "कळत नाही का? इथं काम चाललंय!"

त्या माणसानं घंटेची जीभ हातात घट्ट धरली आणि तसाच उभा राहिला. देवाला नमस्कार करायचा होता, पण हात मोकळा नव्हता.

उन्हं उतरता उतरता गाडी जुळली. अशी जुळली की चालू आहे का बंद, हे वाकून बघावं लागे.  सर्जेरावानं एक फुलपात्र काठोकाठ पाण्यानं भरलं आणि इंजिन चालू असताना अलगद गाडीच्या टपावर ठेवलं. पाणी हललं नाही.

"महाराज! या, बघा!"

बुवा आले. त्यांनी गाडीकडं पाहिलं. फुलपात्राकडं पाहिलं.

सर्जेराव वाट पाहत होता. सबंध जिल्ह्यात हे दुसऱ्या कुणाला जमत नाही हे त्याला सांगायचं होतं, पण समोरच्यानं विचारल्यावर.

बुवांनी फुलपात्र उचललं आणि पाणी पिऊन टाकलं.

"...महाराज?"

"तहान लागली होती."

"गाडी कशी झाली?"

"गाडी?" बुवांनी मिशा पुसल्या. "ती तर अजून उभीच आहे."

दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या गावचा बाजार होता. बुवा दर बाजाराला मॉरिस घेऊन जात आणि येताना डोंगरावरच्या वाड्यांतली म्हातारीकोतारी माणसं भरून आणत. एस.टी. सकाळी एकदा यायची. बाजार उरकल्यावर नुसता चढ असायचा.

बुवा स्टिअरिंगमागं बसले. समोरच्या फळीतून एक काळी मूठ बाहेर डोकावत होती. ती त्यांनी बोटभर बाहेर ओढली आणि तिच्यावर आपली झोळी अडकवली.

"महाराज!" सर्जेरावाचा आवाज चिरकला. "काय करताय?"

"झोळी अडकवतोय."

"तो चोक आहे! थंड गाडी चालू करताना ओढतात. ओढून ठेवला की पेट्रोल जास्त जातं!"

"मला ती खुंटी वाटली."

"किती दिवस अडकवताय?"

"गाडी आल्यापासून."

सर्जेरावानं झोळी काढली. चोक तळहातानं आत ढकलला. झोळी बुवांच्या मांडीवर ठेवली आणि एवढ्या वर्षांच्या धुराचं मूळ सापडल्याच्या समाधानानं टेकून बसला.

घाट उतरताना गाडी तरंगत गेली. रानातले पक्षी ऐकू येत होते. सर्जेरावानं दोनदा बुवांकडं वळून पाहिलं. बुवा रस्त्याकडं बघत होते.

बाजार आटोपला. मॉरिसमध्ये माणसं चढू लागली. आधी कुंभाराची म्हातारी आणि तिचा म्हातारा, त्यांच्यामागून तांदळाचं पोतं. मग माथ्यावरच्या वाडीतली बायनाक्का आली. बायनाक्काच्या एका हातात पाय बांधलेल्या दोन कोंबड्या होत्या, दुसऱ्यात पितळी घागर, आणि तोंडात भावजयीची तक्रार.

"सरका वो पावणं," ती सर्जेरावाला म्हणाली. सर्जेराव पुढच्या सीटवरून मागं आला. बुवांच्या शेजारी तांदूळ बसले.

"कोंबड्या तेवढ्या टपावर बांधू," सर्जेराव म्हणाला.

"तुमीच बसा की टपावर," बायनाक्का म्हणाली, आणि एक कोंबडी त्याच्या मांडीवर ठेवली.

गाडी निघाली. सपाटीवर बरी चालली. चढ लागला. पहिल्या वळणावर बुवांनी पाय दाबला, आणि मॉरिस खोकली.

सर्जेरावानं कान टवकारले.

दुसऱ्या वळणावर ती दोनदा खोकली. तिसऱ्यावर तिनं एक हिसका दिला आणि बंद पडली. आता मागं घसरायला लागली. म्हातारा कुंभार चपळाईनं उतरला आणि चाकामागं दगड लावला.

एक कोंबडी "कॉक्?" म्हणाली.

"काय झालं वो महाराज?" बायनाक्कानं विचारलं. "ह्या पावण्यांनी दुरुस्त केलीया न्हवं?"

"वजन फार झालंय," सर्जेराव म्हणाला.

"गेल्या बाजाराला ह्याच्यापरीस दोन माणसं जास्ती हुती. धुरानं डोळं चुरचुरलं, पर घराला पोचले."

"पेट्रोलमध्ये पाणी असेल."

कुंभार दगडावर पाय देऊन उभा राहिला.

"महाराज, तुम्ही पाय एकदम दाबता. मी चालवतो."

बुवा खाली उतरले. सर्जेराव बसला. गाडी चालू झाली, कशी? मांजरासारखी. त्यानं अगदी फुलासारखा पाय ठेवला. गाडी हातभर पुढं गेली, खोकली आणि गप्प झाली. पुन्हा चालू केली. पुन्हा खोकली. चौथ्या वेळी तर खोकायलाही तिच्यात दम उरला नाही.

सर्जेराव स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

त्याला कळलं होतं. पहिल्या खोकल्यालाच कळलं होतं. असा कान असून कळणार नाही कसं? हवा जास्त झाली होती. पेट्रोल इतकं नेमकं तोडलं होतं, की रिकामी गाडी एका जागी उभी असली तर टपावरचं पाणी हलू नये. माणसं घेऊन डोंगर चढायचा तर तिच्यात काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. हे नवख्या पोरालाही कळतं. त्यालाही काल कळायला हवं होतं. पण काल त्याचं सगळं लक्ष फुलपात्राकडं होतं.

"घरी कोण असतं वो तुमच्या?" बायनाक्कानं मागून विचारलं. गाडी बंद होती, तर निदान बोलणं तरी चालू राहावं असा तिचा स्वभाव.

"कुणी नाही."

"बायकू?"

"...गडहिंग्लजला असते."

"का?"

सर्जेरावानं आरशात पाहिलं. मागं बायनाक्का, दोन्ही कोंबड्या आणि कुंभाराची म्हातारी, सगळ्याजणी त्याच्याकडं बघत होत्या. खिडकीशी गहिनीबुवा वाकून उभे होते.

"तिच्या चपलांचा आवाज होत होता," तो म्हणाला.

कुंभाराच्या म्हातारीनं वाकून आपल्या पायांकडं पाहिलं. 

"आवाज करणारच की चपला," बायनाक्का हळूच म्हणाली. "पायात माणूस हाय त्येंच्या."

बुवांनी दार उघडलं. "उतर. मागं बस."

सर्जेराव उतरला. बुवा जागेवर बसले. त्यांनी तांदळावर ठेवलेली झोळी उचलली, काळी मूठ बोटभर ओढली आणि झोळी तिच्यावर अडकवली.

"महाराज, तो चोक..." म्हणता म्हणता सर्जेराव थांबला.

बुवांनी गाडी चालू केली. घरघर. भडाम्. काळा धूर. कुंभारानं दगड काढला आणि पळत येऊन आत उडी मारली. मॉरिस हलली, थरथरली आणि चढायला लागली.

काय तो आवाज! दारं खडखडत होती. घागर बॉनेटच्या तालावर वाजत होती. कोंबड्या ओरडत होत्या. कुंभाराची म्हातारी दर वळणाला "जोतिबा!" म्हणत होती, आणि भावजयीची गोष्ट जिथं थांबली होती तिथून पुढं निघाली होती. सर्जेराव मधोमध चेपून बसला होता. एका बाजूला बायनाक्काचं कोपर, दुसरीकडं म्हातारी, मांडीवर कोंबडी. त्याचे कान सवयीनं एकेक आवाज वेगळा काढायला लागले. हा टॅपेटचा... हा सायलेन्सरचा... हा कमानीचा... हा कोंबडीचा... पुढचा कुणाचा ते त्याला कळलं नाही.

कुणीतरी त्याचा खांदा हलवत होतं.

"पावणं, उठा. वाडी आली माझी."

त्यानं डोळे उघडले. माथा आला होता. कुंभार नवरा-बायको आणि तांदूळ वाटेतच उतरून गेले होते. त्याचं डोकं बायनाक्काच्या खांद्यावर होतं आणि तिच्या पदरावर त्याची लाळ पडली होती.

"मी... झोपलो होतो?"

"झोपला? घोरत हुता! कोंबड्या गप्प झाल्या तुमास्नी भिऊन."

सर्जेराव रस्त्यात उतरला. बायनाक्का कोंबड्या आणि घागर सांभाळत उतरली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "गडहिंग्लजला जाशीला तवा मोकळ्या हातानं जाऊ नगा," आणि पायवाटेनं बडबडत खाली गेली. बराच वेळ तिचं बोलणं ऐकू येत राहिलं. सर्जेराव ते संपेपर्यंत उभा राहिला.

मॉरिस धूर सोडत रस्त्यावर थरथरत होती. बुवांनी ती बंद केली नव्हती.

"महाराज..." सर्जेराव खिडकीशी आला. "दीड महिन्यात पहिल्यांदा झोप लागली मला."

"हं."

"मी तिला आणायला जाणार. गडहिंग्लजला."

"हं."

"उद्या सकाळी निघतो. काय बोलायचं ते आज नीट ठरवतो. पहिलं वाक्य चुकलं तर ती दार लावून घेईल." तो बोलता बोलता गाडीच्या पुढं गेला. त्याची बोटं बॉनेटच्या कडेवर टेकली. मान कलली. डोळे मिटले. "आणि आता हे जरा बघतो, महाराज. फार नाही. जेटखालचा नट फक्त दोन कडा खाली. मग झोळी न अडकवताही चढेल. धूर नाही, खोकला नाही. दोनच कडा... फार तर अडीच..."

खिशातून पाना निघाला.

गहिनीबुवांनी मठाकडं तोंड असलेली गाडी रस्त्यातल्या रस्त्यात वळवली. चाक बांधाला घासलं, आरसा बाभळीला लागला. सर्जेराव पाना हातात घेऊन बाजूला झाला. आता गाडीचं तोंड घाटाकडं, गडहिंग्लजच्या वाटेकडं होतं.

बुवा डावीकडं वाकले आणि त्यांनी दार आतून उघडलं.

"बस."